पेशीपटलातून होणारे पदार्थांचे वहन आणि पटकीवरील उपचारांचा इतिहास : जालना परिसर व महाराष्ट्राच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

मानवी शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्याची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. कोणता पदार्थ पेशीत घ्यावा, कोणता बाहेर टाकावा आणि कोणता अडवावा, याचा निर्णय या पटलावर होत असतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हा विषय ‘विसरण’, ‘परासरण’ व ‘सक्रिय वहन’ अशा शीर्षकांखाली येतो आणि बहुतांश विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचून विसरतात. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष तर या विषयाकडे क्वचितच जाते. तथापि गेल्या दोनशे वर्षांत पटकी व अतिसार या रोगांनी दख्खनच्या पठारावर जी मनुष्यहानी केली, तिचा आणि त्या हानीला आळा घालणाऱ्या उपचाराचा विचार करू लागलो, तर इतिहासाची वाट या सूक्ष्म पटलापर्यंत येऊन पोहोचते.

पटकीचा रोगी जंतूंमुळे आजारी पडतो. परंतु त्याचा मृत्यू होतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. रोगी तहानेने व्याकूळ झालेला आहे, उशाशी पाण्याचा तांब्या आहे, तरीही प्यालेले पाणी अंगी लागत नाही, असे हे विलक्षण संकट होते. पाणी अंगी का लागत नाही आणि ते कसे लावता येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ती उत्तरे आतड्याच्या पेशीपटलात होती. प्रस्तुत लेखात या शोधाचा इतिहास आणि आपल्या प्रदेशाने भोगलेला रोगाचा इतिहास एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) पटकीच्या साथीचा दख्खनमधील, विशेषतः जालना परिसराशी निगडित पूर्वेतिहास पाहणे.
२) पेशीपटलातून होणाऱ्या वहनाविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी विकसित झाले, हे समजून घेणे.
३) या ज्ञानातून ‘जलसंजीवनी’ हा उपचार कसा सिद्ध झाला व तो महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कसा पोहोचला, याचा शोध घेणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्यात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वैज्ञानिक संकल्पना विज्ञानेतर शाखांच्या वाचकांनाही समजाव्यात, या हेतूने नित्याच्या व्यवहारातील उदाहरणे योजली आहेत.

मोडशी, पटकी आणि मरीआई

रोगाचा इतिहास काही वेळा भाषेत जपलेला असतो. मराठी व कोकणी भाषांत तीव्र हगवण-वांतीच्या आजाराला ‘मोडशी’ असा जुना शब्द आहे. ‘मोडणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते सांगितले जाते. आजाराने माणूस अक्षरशः मोडून पडतो, हा अनुभव त्यात साठलेला आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांनी ‘मोडशी’चा उच्चार आपल्या परीने केला आणि पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे रूपांतर ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाच्या शब्दांत झाले. शब्दाचा अर्थ बदलला तरी आजाराची भीती कायम राहिली. खेड्यापाड्यांत या भीतीने देवीचे रूप घेतले. गावाच्या शिवेवरील मरीआईची वा जरीमरीची ठाणी, तिचा गाडा शिवेपार नेण्याची प्रथा आणि तिला दाखवला जाणारा नैवेद्य ही सर्व या सामूहिक अनुभवाची स्मारकेच होत.

पटकीच्या पहिल्या जागतिक साथीचा आरंभ १८१७ मध्ये बंगालमध्ये झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या बुंदेलखंडातील फौजेत तिने हाहाकार माजवला. हा काळ तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा होता. फौजा, बाजारबुणगे, बैलांचे तांडे व निर्वासित यांची देशभर हालचाल सुरू होती. १८१८ च्या उन्हाळ्यात साथ नागपुरास आली आणि तेथून जालना व औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाटेने दख्खनमध्ये उतरली. पावसाळ्यात तिने पंढरपूर व पुणे गाठले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पेशवाईचा शेवट आणि पटकीचा प्रवेश एकाच वर्षी घडला, ही गोष्ट आपल्या राजकीय इतिहासात सहसा नोंदवली जात नाही.

या मार्गावर जालन्याचे नाव येणे स्वाभाविक होते. निजामाच्या साहाय्यासाठी ठेवलेल्या इंग्रजी फौजेचे हे महत्त्वाचे ठाणे होते. डिसेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपुरास कुमक घेऊन गेलेला जनरल डव्हटन याच फौजेचा सेनानी होता. जालना-नागपूर हा लष्करी रस्ता त्या काळी किती वाहता होता, हे यावरून ध्यानात येते. जालना ही पूर्वीपासून व्यापारी पेठ होती. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या शहरात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पहिल्या आसफजाहच्या आज्ञेवरून काबील खानाने मस्तगडची गढी उभारली. जमशेद खानाच्या नावाशी निगडित मोती तलावातून भूमिगत नळांद्वारे शहरातील हौदांना पाणी पुरवण्याची व्यवस्था येथे होती. पाणी दुरून आणून वाटण्याचे शास्त्र या शहराला चांगले अवगत होते. परंतु पाण्यावाटे रोगही वाटला जातो, हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो याने ते १८५४ मध्ये दाखवून दिले आणि रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा निर्णायक अभ्यास केला तो १८८४ मध्ये.

तत्कालीन उपचारांची स्थिती दयनीय होती. इंग्रजी फौजांचे डॉक्टर रोग्याचे रक्त काढीत. पाऱ्याचे कॅलोमेल व अफूचा अर्क देत. आधीच शरीरातील द्रव आटलेल्या रोग्याचे रक्त काढणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट चालवण्यासारखे होते. पाणी प्यायल्याने जुलाब वाढतात, म्हणून पाणी तोडावे, असा समजही दृढ होता. या समजाचे अवशेष आजही आपल्या घरांतून आढळतात.

पटलाचा शोध

ज्या काळात दख्खनमध्ये हे घडत होते, त्याच काळात युरोपात एका वेगळ्याच दिशेने विचार चालला होता. १७४८ मध्ये जाँ-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मोपदेशक व भौतिकशास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ त्वचेने बांधले आणि ते पाण्यात बुडवले. काही वेळाने पाणी आत शिरून ती त्वचा फुगली. पाणी त्या त्वचेतून सहज जात होते, मद्यार्काला मात्र तितकी मोकळीक नव्हती. १८२० च्या दशकात आंरी द्युत्रोशे याने सजीवांच्या पटलातून होणाऱ्या या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. याच क्रियेला आपण ‘परासरण’ म्हणतो.

परासरण समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. पाण्यात भिजवलेला मनुका फुगतो, कारण आतील साखरेच्या दाट द्रावणाकडे बाहेरचे पाणी ओढले जाते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते, कारण आता दाट द्रावण बाहेर असते व पाणी तिकडे जाते. आपल्या आजी-पणजींना ही क्रिया हाताने ठाऊक होती. तिच्यातील नियम असा की, पाणी स्वतःच्या मर्जीने वाट काढीत नाही. क्षार व साखर ज्या बाजूला अधिक, त्या बाजूला ते जाते.

१८७७ मध्ये व्हिल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने कृत्रिम पटल वापरून परासरणाचा दाब मोजला. व्हांट हॉफ याने त्याला गणिती नियमात बसवले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हांट हॉफ याला मिळाले, त्यात या कार्याचाही उल्लेख होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हरटन याने दाखवले की, मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत झटकन शिरतात. यावरून पटल मेदमय असावे, असे अनुमान निघाले. १९२५ मध्ये गोर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगांवरून पटलात मेदाचे दोन थर असतात, असा निष्कर्ष काढला. १९७२ मध्ये सिंगर व निकोलसन यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार या दुहेरी मेदस्तरात प्रथिने तरंगत असतात आणि पदार्थांची ने-आण करणारी द्वारे म्हणजे हीच प्रथिने होत.

मेदाचा थर पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना थोपवतो. त्यामुळे मीठ, साखर यांसारख्या पदार्थांना स्वतंत्र द्वारांची आवश्यकता असते. काही द्वारांतून पदार्थ उतारावरील पाण्याप्रमाणे अधिक प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जातात. काही ठिकाणी मात्र त्यांना चढाच्या दिशेने न्यावे लागते आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. हे ‘सक्रिय वहन’ होय. डेन्मार्कच्या येन्स स्को याने १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून पेशीतील असा एक पंप शोधला. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आयन आत घेतो. या शोधासाठी त्याला १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पाण्याच्या स्वतंत्र वाहिन्या शोधणाऱ्या पीटर ॲग्रे याला हे पारितोषिक २००३ मध्ये मिळाले.

शिरेवाटे पाणी : एक अर्धवट उत्तर

पटलाचे ज्ञान नसतानाही काही डॉक्टर योग्य दिशेने चालले होते. १८३१-३२ मध्ये पटकी इंग्लंडात पोहोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांच्या रक्ताचे परीक्षण केले. रक्तातील पाणी व क्षार कमी झाल्याचे त्याला आढळले आणि ते परत द्यावेत, असे त्याने सुचवले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला व भारतातील तारायंत्राचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस पावला. त्याच्या सूचनेवरून थॉमस लॅटा या डॉक्टरने १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. मरणपंथास लागलेले काही रोगी उठून बसले. परंतु निर्जंतुकीकरण अज्ञात होते आणि द्रावणाचे योग्य प्रमाण ठरलेले नव्हते, त्यामुळे अनेक रोगी दगावले व ही पद्धत मागे पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने दाट क्षारद्रावण शिरेवाटे देऊन मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. ‘सलाईन’ हा शब्द आपल्या बोलीत रुजला तो याच परंपरेतून. मात्र सलाईनसाठी निर्जंतुक बाटली, सुई, प्रशिक्षित हात व दवाखाना लागतो. साथ येते ती पावसाळ्यात, जेव्हा ओढे-नाले भरून रस्ते बंद झालेले असतात. ज्या गावाहून दवाखाना दहा कोसांवर, त्या गावच्या रोग्याला सलाईनचा उपयोग कागदावरच होता.

तोंडावाटे पाणी का देऊ नये, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे तत्कालीन उत्तर असे होते की, पटकीमुळे आतड्याचे आतील अस्तर झडून जाते. अस्तरच उरले नाही तर शोषण कोण करणार? हा समज अनेक दशके वैद्यकशास्त्रात प्रमाण मानला गेला. त्याच्या अस्तित्वामुळे तोंडावाटे उपचाराचा विचार मुळातच खुंटला.

विषाचा शोध आणि उघडे राहिलेले द्वार

हा अडसर दूर करणाऱ्यांत कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांनी सशाच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगांतून १९५९ मध्ये सिद्ध केले की, पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साठते. याचा अर्थ जंतूने सोडलेले एक विष हे कार्य करते. त्याच सुमारास बँकॉक येथे रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासण्यात आले आणि अस्तर शाबूत असल्याचे दिसून आले. भिंत पडलेली नव्हती. तिच्यातील द्वारांचे कार्य बिघडले होते.

पुढील संशोधनाने हे कार्य उलगडले. पटकीचे विष आतड्याच्या पेशीपटलाला चिकटते व पेशीच्या अंतर्भागात असा बदल घडवते की, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्याच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागोमाग सोडियम जाते आणि परासरणाच्या नियमानुसार पाणीही जाते. एरवी आपल्या आतड्यात दररोज सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातील २ लिटरच्या आसपास आपण प्यालेला असतो, उर्वरित लाळ, जठररस, पित्त इत्यादींचा असतो. जवळजवळ सर्व द्रव पुन्हा शोषला जातो. पटकीत हा हिशेब उलटतो आणि तीव्र अवस्थेत रोगी तासाला १ लिटरपर्यंत द्रव गमावू शकतो. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर ते आत ओढून नेणारे सोडियम मुबलक प्रमाणात शोषले जात नाही. म्हणून ते अंगी लागत नाही.

ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या पटलावर असे एक वाहक प्रथिन असावे, जे ग्लुकोज व सोडियम यांना जोडीनेच आत घेते. एकट्या ग्लुकोजला तेथे प्रवेश नाही. या वाहकाची रचना १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट यांच्या चमूने उलगडली. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन तो आत नेतो, हे आता ज्ञात आहे. पेशीच्या दुसऱ्या बाजूला स्कोचा पंप सोडियम पुढे ढकलीत असतो, म्हणून पेशीतील सोडियम कमी राहते व हा प्रवेश अखंड चालू राहतो. सोडियमच्या मागे पाणी येतेच. पटकीचे विष इतर वाटा बिघडवते, परंतु या जोडवाटेला धक्का लावीत नाही. मिठाच्या पाण्यात योग्य प्रमाणात साखर घातल्यास पाणी अंगी का लागते, याचे उत्तर एवढेच आहे. येथे साखरेचे मुख्य काम पोषण करणे हे नसून मिठाला द्वारातून आत नेणे हे आहे.

ढाका ते बनगाव

प्रयोगशाळेतील हे तत्त्व रोग्याच्या खाटेपर्यंत आणण्याचे कार्य बंगालमध्ये झाले. डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच तोंडावाटे क्षार व ग्लुकोज देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता, परंतु त्यामागील कारणमीमांसा तेव्हा उपलब्ध नसल्याने त्याकडे दुर्लक्ष झाले. १९६८ मध्ये डेव्हिड नालिन व रिचर्ड कॅश यांनी तत्कालीन पूर्व पाकिस्तानात २९ रोग्यांवर केलेल्या चाचणीत असे दाखवले की, तोंडावाटे ग्लुकोज-क्षार द्रावण दिल्यास सलाईनची गरज फार मोठ्या प्रमाणात कमी होते.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. रुग्णालयात खाटा अपुऱ्या होत्या व सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण तयार करवून ते पिंपांत साठवले आणि रोग्यांच्या नातलगांच्या हाती पेले देऊन त्यांनीच ते पाजावे, अशी व्यवस्था केली. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराचा पुरस्कार केला. १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने सोडियम-ग्लुकोज जोडवहनाच्या शोधाची गणना शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनोबिस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व मृत्यूदरापुरते मर्यादित नाही. उपचाराचे साधन डॉक्टरच्या हातातून आईच्या हातात गेले, हे तिचे खरे मर्म होय.

महाराष्ट्रातील वाटचाल : जामखेडचे उदाहरण

बनगावच्या छावणीत नातलगांनी जे केले, ते नित्याच्या ग्रामजीवनात कसे आणावे, हा पुढील प्रश्न होता. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रात, त्याच दशकात मिळाले. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड हे मराठवाड्याच्या सीमेवरील, कोरडवाहू शेतीचे व वारंवार अवर्षण सोसणारे गाव. १९७२ चा दुष्काळ या प्रकल्पाच्या आरंभकाळातच आला आणि आरोग्याचा पहिला प्रश्न स्वच्छ पाण्याचा आहे, हे स्पष्ट झाले. गावोगावी कूपनलिका घेण्याच्या कामात प्रकल्पाने पुढाकार घेतला.

या प्रकल्पाचा कणा होत्या ग्रामआरोग्य सेविका. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या आणि अनेकजणी दलित व वंचित समाजातील होत्या. अतिसार झालेल्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी कसे करून पाजावे, हे त्या शिकल्या व त्यांनी घराघरांतील मातांना शिकवले. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी गावातील काही घरे कालपर्यंत घेत नव्हती, तिनेच सांगितलेल्या प्रमाणाने त्या घरातील मूल वाचू लागले. पेशीपटलाच्या शास्त्राचा हा सामाजिक परिणाम कोणत्याही शास्त्रज्ञाने कल्पिलेला नव्हता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले.

शेजारच्या बांगलादेशातही ब्रॅक या संस्थेने १९८० च्या दशकात घरोघर जाऊन मातांना मीठ व गुळाचे पाणी करण्यास शिकवले व हे शिक्षण एक कोटीहून अधिक घरांपर्यंत नेले. आपल्याकडे या द्रावणास ‘जलसंजीवनी’ असे अन्वर्थक नाव मिळाले. हगवण लागलेल्यास भाताची पेज वा मीठ घातलेले ताक देण्याची आपली घरगुती रीतही या तत्त्वाशी जुळणारी आहे. पेजेतील पिष्टापासून आतड्यात ग्लुकोज तयार होते व ते मिठाला सोबत करते. परंपरेतील प्रत्येक गोष्ट शास्त्रीय होती, असा दावा येथे अभिप्रेत नाही. पेज पाजणारे घर आणि पाणी तोडणारे घर, ही दोन्ही याच परंपरेत होती.

प्रमाणाचा प्रश्न आणि वर्तमान

या उपचारात प्रमाणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. साखर अधिक झाली तर आतड्यात दाट द्रावण तयार होऊन, मीठ लावलेल्या कैरीप्रमाणे, शरीरातीलच पाणी पोकळीत ओढले जाते व जुलाब वाढतात. अतिगोड शीतपेये म्हणूनच अयोग्य ठरतात. मीठ अधिक झाले तर बालकाच्या मेंदूस धोका संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पूर्वीचे ३११ परासरण-एककांचे द्रावण बदलून २४५ एककांचे सौम्य द्रावण स्वीकारले. त्यात १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यात सोडियम व ग्लुकोज यांचे रेणुप्रमाण समसमान ठेवले आहे, हे क्रेनच्या कल्पनेचेच व्यावहारिक रूप होय. पुडी उपलब्ध नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण सांगितले जाते.

आज आशाताई व अंगणवाडी ताई यांच्यामार्फत या पुड्या खेड्यापर्यंत पोहोचतात. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्के बालकांनाच जलसंजीवनी मिळाली होती. म्हणजे दर दहांतील चार बालके या स्वस्त उपचारापासून वंचित राहिली. ग्रामीण भागात ‘सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही’ ही धारणा प्रबळ आहे. रोगी शुद्धीवर असून पिऊ शकत असताना, केवळ समाधानासाठी शिरेवाटे पाणी देण्यात रोजंदारीवरील कुटुंबाची मजुरी खर्ची पडते. जो रोगी बेशुद्धीत आहे वा पिण्यास असमर्थ आहे, त्याच्यासाठी सलाईन अनिवार्यच आहे. हा विवेक लोकांपर्यंत नेण्याची गरज आहे.

निष्कर्ष

१) १८१८ मध्ये पटकी दख्खनमध्ये उतरली ती फौजा व व्यापाराच्या मार्गांनी. जालन्यासारख्या ठाण्याचे भौगोलिक व लष्करी महत्त्व या प्रसारास अनुकूल ठरले.
२) पटकीवरील उपचारास विलंब होण्यामागे औषधांच्या अभावाइतकीच एक चुकीची समजूत, म्हणजे आतड्याचे अस्तर नष्ट होते ही धारणा, कारणीभूत होती.
३) परासरण, सक्रिय वहन व जोडवहन या संकल्पना रोगोपचाराचा विशेष हेतू न ठेवता विकसित झाल्या. त्या एकत्र आल्यावरच चटर्जी यांच्यासारख्यांचा पूर्वानुभव अर्थपूर्ण ठरला.
४) या ज्ञानाचा खरा उपयोग महालनोबिस व आरोळे यांच्यासारख्यांनी ते नातलग, माता व ग्रामआरोग्य सेविका यांच्या स्वाधीन केल्यावरच झाला.

समारोप

इतिहासलेखनात लढायांच्या तारखा येतात, राजवटींचे उदयास्त येतात. ज्या रोगाने फौजांहून अधिक माणसे नेली, त्याला मात्र एखाद्या ओळीत स्थान मिळते. जालना जिल्ह्यातील असईच्या १८०३ च्या लढाईविषयी विद्यार्थी चार परिच्छेद लिहू शकतात, परंतु १५ वर्षांनी याच भागातून गेलेल्या साथीविषयी त्यांना काही सांगता येत नाही. आरोग्याचा स्थानिक इतिहास हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा विषय व्हावा, गावोगावची मरीआईची ठाणी, जुने हौद, बारवा व नळयोजना यांच्या नोंदी केल्या जाव्यात, आणि त्या करताना विज्ञान व इतिहास या विभागांनी एकत्र यावे, अशी अपेक्षा आहे. पाणी उशाशी असून माणूस तहानेने मरत होता, तो काळ फार मागे गेलेला नाही. वाचवण्याची युक्ती चिमूटभर मीठ व मूठभर साखरेत होती. ती सापडण्यास आणि पोहोचण्यास इतका काळ का लागला, हे तपासणे इतिहासाचे काम आहे.